कावीळ उतरते ती शीच्या वाटेने

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. देवपूरच्या भाजीबाजारात सांगितली, बँकेतल्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितली, धुळे-जळगाव बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना सांगितली. पारोळ्याला विषय निघाला, एरंडोल आलं तरी त्यांचे प्रश्न संपत नव्हते. गोष्ट एवढीच की नवजात बाळाची कावीळ त्याच्या शीतून बाहेर पडते, आणि ती किती लवकर पडेल यात बाळाच्या आतड्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा मोठा हात असतो. माझं वय साठीच्या पुढे आहे, मी दोन मुलं वाढवली, घराण्यातली कितीतरी बाळंतपणं पाहिली. ही गोष्ट मला आत्ता कळली, आणि कळल्यापासून मला राहवत नाही.

मुलगी जळगावला असते, पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला माझ्याकडे धुळ्याला आली. सगळं व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजी बाळाला बघायला आल्या, त्यांनी टोपडं जरा मागे सारलं आणि म्हणाल्या, "पोऱ्या पिवया दिसस वं माय." खिडकीशी नेऊन पाहिलं, कपाळावर हलकं बोट दाबून उचललं, तर खालची कातडी खरंच पिवळी. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा छातीवरून पोटाकडे सरकला होता. रक्त तपासलं, आकडा वाढलेला निघाला, आणि बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर लंगोटापलीकडे काही नाही. आपल्याकडे म्हणतात ना, 'बाळाला काचेत ठेवलंय', तसं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर दिव्याच्या उपचाराबरोबर काही थेंबही लिहिले आणि म्हणाले, "काकू, हे प्रोबायोटिक आहे. खरं काम दिवा करणार, त्याच्या जोडीला आईचं दूध. हे फक्त सोबतीला." मी विचारलं, कावीळ यकृताची, मग पोटातल्या जंतूंचं औषध कशासाठी? त्यांना घाई होती, तरी ते थांबले. केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी एक यकृत काढलं, खाली आतड्याची वळणं काढली आणि आतड्यापासून परत यकृताकडे जाणारा एक बाण काढला. त्या एका बाणाने मला रात्रभर जागं ठेवलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर वाचत राहिले, आणि घरी आल्यावरही वाचणं थांबलेलं नाही.

तो बाण काय आहे ते सांगते. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मल्यावर छाती भरून श्वास घेतला की तेवढ्या पेशी लागत नाहीत. शिवाय बाळाच्या पेशींचं आयुष्यही कमी, ८०-९० दिवसांचं. आपल्या पेशी १२० दिवस टिकतात. पेशी मोडतात, त्यातल्या हिमोग्लोबिनपासून पिवळं बिलीरुबिन तयार होतं. गर्भात असेपर्यंत ते वारेतून आईकडे जातं आणि आईचं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. नाळ कापली की हे काम बाळाच्या स्वतःच्या यकृतावर येतं, आणि बिलीरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगं करणारं एन्झाइम जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या मानाने जेमतेम एक टक्का काम करत असतं. ते पूर्ण ताकदीला यायला तीन महिने लागतात. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या ऐंशीएक बाळांना कावीळ दिसते ती यामुळे. बहुतेकांची आपोआप उतरते.

इथपर्यंतचं थोडंफार कानावर होतं. खरी गंमत यापुढे आहे!

यकृताने कष्टाने विरघळण्याजोगं केलेलं बिलीरुबिन पित्तातून आतड्यात उतरतं. तुमच्याआमच्या आतड्यात ते आलं की तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्याचं युरोबिलिनोजेन करून टाकतात. मग त्यातलं बहुतेक बाहेरच पडतं. आपल्या शीचा तपकिरी रंग यातूनच येतो, लघवीचा पिवळा रंगही यातूनच. बाळाच्या आतड्यात ते जिवाणू अजून वस्तीला आलेलेच नसतात. उलट तिथे आतड्याच्या अस्तरात असं एक एन्झाइम असतं, जे बिलीरुबिन विरघळावं म्हणून यकृताने त्याला जोडलेला भाग कापून काढतं. बिलीरुबिन पुन्हा सुटं होतं, आतड्यातून शोषलं जातं आणि रक्तातून परत यकृताच्या दारात उभं राहतं. म्हणजे त्या बिचाऱ्या अपुऱ्या यकृताला एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. डॉक्टरांचा तो बाण म्हणजे हा उलटा प्रवास.

आणि ती काळी, चिकट पहिली शी! आपण नाक मुरडून पुसून टाकतो. त्या काळ्या शीत १०० ते २०० मिलिग्रॅम बिलीरुबिन साठलेलं असू शकतं. तीन किलोचं बाळ दिवसभरात तयार करतं ते साधारण २० मिलिग्रॅम. म्हणजे पाच ते दहा दिवसांची कमाई बाळ जन्मतःच पोटात घेऊन येतं. ती शी लवकर बाहेर पडली तर पिवळेपणाही बाहेर जातो. अडून राहिली तर त्यातलं बरंच परत रक्तात येतं. चीकदूध सारक असतं, पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा असं सिस्टर का ओरडून सांगतात, ते मला तिथे बाकावर बसून कळलं. आता बाळाने शी केली की मला आनंद होतो, आणि तो मी लपवत नाही.

या निळ्या दिव्याची गोष्टही मला आधी माहीत नव्हती. इंग्लंडमध्ये रॉचफर्ड नावाच्या गावातलं रुग्णालय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या सिस्टर जीन वॉर्ड. हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत, कोवळ्या उन्हात ठेवत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका बाळावरचं पांघरूण काढून डॉक्टरांना दाखवलं: सगळं अंग फिकं झालेलं, फक्त एक तिकोनी तुकडा गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं, काही लावलंय की काय. सिस्टर म्हणाल्या, ऊन लागलं असणार. त्या तिकोनी जागेवर चादरीचं टोक पडलेलं होतं, तिथे ऊन पोचलं नव्हतं. पुढे तिथेच रक्ताची एक नळी उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलीरुबिन उतरलेलं निघालं. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून दिवा तयार केला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो प्रसिद्ध केला. एका परिचारिकेच्या नजरेला पडलेला तिकोनी डाग, आणि आज शिरपूरपासून रावेरपर्यंत कुठल्याही गावचं बाळ ज्या दिव्याखाली झोपतं तो दिवा! मला हे वाचताना गहिवरून आलं.

दिवा करतो काय, तर कातडीतल्या बिलीरुबिनचा आकार बदलतो. बदललेलं बिलीरुबिन यकृतातल्या त्या एन्झाइमच्या मदतीशिवाय पित्तात जाऊ शकतं आणि तिथून आतड्यात. म्हणजे दिव्याखालचं बिलीरुबिनही मुख्यतः आतड्यातच येतं. आणि तिथे गेल्यावर त्यातलं काही पुन्हा मूळ आकाराला येऊन परत शोषलं जाऊ शकतं. वाचता वाचता मी उठून उभी राहिले. दिवा कितीही चांगला असला तरी बाहेर जायचा मुख्य रस्ता आतड्यातूनच आहे. दिव्याला आतड्याची साथ हवीच. ते थेंब 'सोबतीला' कसे, हे तेव्हा लख्ख कळलं.

शास्त्रज्ञांनाही हा रस्ता एकदम दिसला नाही. १९६० मध्ये स्वीडनच्या गुस्ताफसन आणि लांके यांनी जंतू अजिबात नसलेल्या वातावरणात वाढवलेले उंदीर तपासले. त्यांच्या शीत युरोबिलिन औषधालाही सापडेना. त्यांना काही जिवाणू दिले आणि ते दिसू लागलं. १९७१ मध्ये अमेरिकेत पोलंड आणि ओडेल या दोन डॉक्टरांनी नवजात बाळांना आगर खाऊ घातलं, तेच समुद्री शेवाळातून निघणारं आगर. आतड्यातलं बिलीरुबिन त्याला धरून राहावं आणि परत शोषलं जाऊ नये हा विचार. आकडे खाली आले. पण आतड्यातलं नेमकं कोणतं एन्झाइम बिलीरुबिनचं रूप पालटतं, हे जगाला कधी कळलं माहीत आहे? जानेवारी २०२४ मध्ये! मेरीलँड विद्यापीठाचे ब्रँटली हॉल, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शाओफांग जियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं आणि त्याला 'बिल-आर' असं नाव दिलं. त्यांनी बाळांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची माहिती चाळली तेव्हा दिसलं की जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच बाळांकडे हे एन्झाइम बाळगणारे जिवाणूच नसतात. वर्षाचं होईपर्यंत ते जवळजवळ सगळ्यांकडे येतात. माणसाच्या लघवीचा रंग पिवळा का, याचं पूर्ण उत्तर माझ्या हयातीत, अगदी कालपरवा मिळालं. याहून थरारक काय असतं!

आता प्रोबायोटिक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये त्याची व्याख्या ठरवली: पुरेशा प्रमाणात दिले तर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्याच्या शंभरएक वर्षं आधी, १८९९ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत दोन फाटे फुटलेले जिवाणू दिसले. तेच आजचे बिफिडोबॅक्टेरिया. १९२० च्या सुमाराला आंरी बुलार हा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होता, कॉलऱ्याची साथ चालू होती. तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली चघळून जुलाब आवरतात हे त्याने पाहिलं आणि त्या फळांवरून एक यीस्ट वेगळं काढलं. काविळीच्या बाळांवर जी प्रोबायोटिकं तपासली गेली आहेत त्यांत बिफिडोबॅक्टेरियम आहे, लॅक्टोबॅसिलस आहे आणि बुलारचं ते यीस्टही आहे.

बाळाच्या पोटात हे जीव काय करतात? ते आतडं थोडं आंबट करतात, आतड्याची हालचाल वाढवतात, शी वरचेवर होते, आणि बिलीरुबिनला सुटं करणाऱ्या त्या एन्झाइमचं काम मंदावतं असं दिसतं. दुधात विरजण पडल्यावर भलते जंतू तिथे सहसा बस्तान बसवू शकत नाहीत, तसं काहीसं. मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पुडीतले किंवा थेंबांतले नेहमीचे जीव म्हणजे 'बिल-आर' बाळगणारे जीव नव्हेत. ते एन्झाइम आतड्यातल्या दुसऱ्याच गोतावळ्यात सापडतं. आजची प्रोबायोटिकं आडवाटेने मदत करतात. उद्या कुणी नेमकं ते एन्झाइम असलेला सुरक्षित जीव बाळांसाठी तयार केला तर? हा विचार डोक्यात आला आणि मी मुलीला झोपेतून उठवून सांगितला.

आणि आईच्या दुधाबद्दल जे वाचलं ते तर मी जन्मात विसरणार नाही. आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्यानंतर तिसऱ्या क्रमांकाला ज्या साखरा असतात, त्या बाळाला पचतच नाहीत! इतक्या मोठ्या प्रमाणात आईचं शरीर त्या बनवतं, आणि त्या खातात कोण, तर बाळाच्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया. आई बाळाला पाजते आणि बाळाच्या पोटात राहायला येणाऱ्या जिवांनाही पाजते. कुठल्याही थेंबांआधी ही व्यवस्था होती आणि ती अजूनही सगळ्यांत भारी आहे.

फायदा होतो का, हा प्रश्न मी डॉक्टरांना सरळ विचारला. त्यांनी एका अभ्यासाचं नाव दिलं आणि तो उघडल्यावर मला आपल्या घरचीच माणसं भेटल्यासारखं वाटलं. लेखकांची नावं: देशमुख, देशमुख आणि पाटोळे! संजय पाटोळे हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातले नवजात बालकांचे डॉक्टर. बाळांना प्रोबायोटिक द्यावं की नाही, या प्रश्नावर ते कित्येक वर्षं काम करत आले आहेत. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि गिरीश देशपांडे यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याच्या आजारावरचा आढावा आला होता. काविळीवरचा आढावा २०१९ मध्ये छापून आला. त्यात नऊ चाचण्या एकत्र पाहिल्या आहेत. प्रोबायोटिक दिलेल्या बाळांना दिव्याखाली सरासरी बाराएक तास कमी राहावं लागलं, चौथ्या आणि सातव्या दिवशी बिलीरुबिनही काहीसं कमी निघालं, आणि प्रोबायोटिकमुळे काही अपाय झाल्याचं त्या चाचण्यांत आढळलं नाही. पण त्याच लेखात त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की पुराव्याचा दर्जा खालचा आहे, मोठ्या आणि नीट चाचण्या व्हायला हव्यात, आणि आत्ताच सगळ्या बाळांना हे सरसकट द्या असं म्हणता येत नाही. आपल्या विषयावर एवढं प्रेम असलेल्या माणसांनी एवढं जपून लिहावं, याने माझा विश्वास वाढला.

बारा तास! ज्याने रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढली आहे त्यालाच हे बारा तास कळतील. टाके दुखत असताना बाळंतीण दर दोन तासांनी उठून पाजायला जाते. साक्रीच्या आतल्या पाड्यावरून आलेला बाप मजुरी बुडवून दाराशी बसलेला असतो. दिव्याची जागा एक बाळ सोडतं तेव्हा दुसरं वाट पाहत असतं. अर्धा दिवस वाचला तर एका आईच्या कुशीत बाळ अर्धा दिवस आधी येतं, आणि ती जागा दुसऱ्या बाळाला मिळते. म्हणून मला वाटतं, ही मोठी चाचणी आपल्याकडे व्हावी. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी महाविद्यालयंही आहेत. काविळीची बाळं तर रोज येतात. भारताच्या खेड्यात असं काम होऊ शकतं हे ओडिशाने दाखवलं आहे. तिथे डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी केली, अर्ध्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य असलेली साखर दिली, आणि जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये ते आलं. ती चाचणी काविळीची नव्हती, पण आतड्यातल्या योग्य जिवाने भारतातल्या खेड्यातलं बाळ जंतुसंसर्गापासून वाचू शकतं हे तिने दाखवलं.

उत्साहाच्या भरात कुणी माझं ऐकून औषधाच्या दुकानात धावू नये, म्हणून हे ठळकपणे सांगते. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जीव. अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळाच्या रक्तात तो शिरला तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत असा मृत्यू झाल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये डॉक्टरांना इशारा दिला. कोणता जीव, किती, किती दिवस, हे फक्त बाळांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. घरचं दही किंवा ताक बोटाने चाटवणं हा त्याला पर्याय नव्हे, ते अजिबात करू नका. आणि आकडा दिव्याच्या पातळीवर गेला असेल तर दिवाच लागतो. बिलीरुबिन फार चढलं तर ते मेंदूत शिरतं, बाळ बहिरं होऊ शकतं, हातापायांवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. तिथे थेंबांची वाट बघायची नसते.

हा रस्ता कळल्यावर आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टी मी नव्याने तपासल्या. बाळंतिणीने हळद खाऊ नये, पिवळं लुगडं नेसू नये, याचा काविळीशी काहीच संबंध नाही. तिला पोटभर जेवू द्या, म्हणजे दूध येईल. गळ्यात माळ घालून, मंत्र म्हणून कावीळ उतरवतात, आणि ती उतरतेही, कारण बहुतेक बाळांची तशीही उतरणारच असते. धोका असतो तो वाट बघण्यात गेलेल्या दिवसांचा. मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम होऊ शकतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा आजीला वाटतं, बाळाला पाणी पाजावं. पाण्याने कावीळ उतरत नाही, पोट मात्र भरतं आणि दूध कमी जातं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही काविळीसाठी पाणी किंवा साखरपाणी देऊ नका असं म्हटलं आहे. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात उघड्या बाळाला उन्हात ठेवणं म्हणजे त्याला भाजून आणि वाळवून काढणं आहे. नायजेरियात लागोसला उन्हातला घातक भाग गाळणारे पडदे लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हा उपचार करून पाहिला आणि तो चालला; अंगणात बाज टाकून केलेलं ते नव्हे.

एक गोष्ट तर मला हादरवून गेली. पणजीची मऊ सुती साडी जपून ठेवायची, तिची दुपटी-लंगोट करायचे, ही आपली किती गोड रीत. ती साडी ठेवलेली असते पेटीत, डांबर गोळ्यांबरोबर. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, आणि ही कमतरता आपल्या देशात काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. अशा बाळाच्या अंगाला डांबर गोळीचा अंश लागला तर पेशी भराभरा फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. साडी जरूर वापरा, पण बाळाच्या कपड्यांच्या आसपास डांबर गोळी येऊच देऊ नका.

योगायोग बघा, पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ सर्वांत जास्त चढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे पाचवी पुजायच्या सुमाराला, घरात पाहुणे, बाळ खोलीच्या अंधारात गुंडाळलेलं. सरकारी कार्यक्रमात रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईची पहिली भेट तिसऱ्या दिवशी आणि पुढची सातव्या दिवशी ठरवलेली आहे. घरोघर जाऊन नवजात बाळ तपासण्याचा हा धडा गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशाने घेतला. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की गावातल्या शिकवलेल्या बाईच्या हातून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होऊ शकतात. आपल्या दारात येणारी आशाताई हे तेच ज्ञान घेऊन येते.

म्हणून खान्देशातल्या माझ्या बहिणींनो, सुनांनो, आज्यांनो, एवढं करा. आशाताई आली की बाळाला उजेडात आणा, कपडे काढून दाखवा. रात्रंदिवस मिळून आठ ते बारा वेळा पाजा. शी काळ्याची हिरवट आणि मग हळदीच्या रंगाची होते का, ते पाहा आणि किती वेळा झाली ते सांगा. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा किरट्या आवाजात रडत अंग मागे ताठवू लागलं, तर पाचवीची वाट न बघता त्याच घटकेला निघा. १०२ ला फोन करा, सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि गाडी मोफत आहे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्ताची वाट बंद असू शकते. त्यासाठीचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं असतं, म्हणून एक दिवसही घालवू नका. आणि बाळ दिव्याखाली असेल तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, "सोबतीला प्रोबायोटिक चालेल का?" ते हो म्हणाले तर त्यांनी सांगितलं तेवढंच द्या, नको म्हणाले तर नको.